उत्तरेश्वरचा डावा गाल

तुळजापूरकडच्या वाशीत माझं औषधाचं दुकान आहे. नाव महांतप्पा, पण गावात मला सगळे अप्पा म्हणतात. माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. मागं एकदा औषध कंपनीच्या एका पोरानं माझ्या दुकानात बसून विचारलं होतं, "खवा चाखायचा, हे काय काम झालं का?" मी त्याला पायरीवरून खाली उतरवलं होतं. ज्याच्याबद्दल तो बोलला होता तो उत्तरेश्वर. त्याच्याबद्दल लिहायचं तर आधी ते काम काय आहे ते सांगावं लागेल.

वैजनाथ शेठचा खव्याचा गाळा आमच्या बाजारपट्टीत आहे. आसपासच्या गावांतले भट्टीवाले सकाळी नवाच्या आत खव्याचे गोळे फडक्यात गुंडाळून तिथं आणतात आणि दुपारपर्यंत तो माल टेम्पोनं पुण्याला, सोलापूरला, हैदराबादला निघतो. गाळ्याच्या तोंडाशी एक पाट मांडलेला असतो. त्या पाटावर उत्तरेश्वर बावीस वर्षं बसला. प्रत्येक गोळ्याच्या पोटात बोट घालून तो चिमूटभर खवा काढायचा, तळहातावर घासायचा, हुंगायचा आणि जिभेवर ठेवायचा. दूध कालचं आहे का, कढई खालून लागली का, ओल्या लाकडाचा धूर बसला का, कुणी पीठ मिसळलं का, हे त्याला एवढ्यात कळायचं. बोलायचा कमी. "आंबूस", "धुरकट", "लागलाय", "बरा". वर्षातून दोन-चार वेळा "झकास". त्यावर भाव ठरायचा आणि कुणी हूं की चूं करायचं नाही. भांडकुदळ म्हणून तालुक्यात नाव काढलेले भट्टीवालेसुद्धा त्याच्यापुढं मान खाली घालून गोळा परत फडक्यात बांधायचे.

चाखलेला खवा तो गिळत नसे. चाळीस-पन्नास गोळे गिळले तर दहाव्या गोळ्याला जीभ तुपकट होऊन बसते. म्हणून जिभेवर ठेवायचा, टाळूला दाबायचा आणि मांडीवरच्या पंचाच्या टोकात काढून टाकायचा. आपला माल थुंकताना बघून समोरच्याला राग येऊ नये म्हणून हे काम इतकं गुपचूप चालायचं, की शेजारी बसूनही मला ते बऱ्याचदा दिसत नसे. हात तोंडाशी गेला, खाली आला, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या शेवटी त्याच्या डाव्या कानाखाली गाठ वाढली. सोलापूरला ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. त्याची बायको मथुरा तुळजापूरला जाऊन देवीची ओटी भरून आली. कानामागं एक व्रण राहिला, आणि सगळं संपलं असं आम्ही धरून चाललो.

पौषात ते सुरू झालं. थंडी मरणाची होती. भट्टीवाले कानटोप्या घालून, हात काखेत धरून बसलेले, आणि उत्तरेश्वरनं एक आंबूस गोळा जिभेवर ठेवला तसा त्याचा डावा गाल लाल झाला आणि त्यावर घामाचे थेंब उभे राहिले. उजवा गाल कोरडा ठणठणीत. पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशीही हसले. मग काही तोंडात घातलं की गाल भिजायला लागला. भाकरी असो, चहा असो, नुसती बडीशेप असो.

फाल्गुनात एक दिवस धनाजी भट्टीवाल्याच्या गोळ्यावर वाकलेला असताना त्याच्या हनुवटीवरून थेंब निसटला आणि खव्यावर पडला. पांढऱ्याशुभ्र गोळ्यावर ओला ठिपका सगळ्यांना दिसला. धनाजीनं गोळा उचलला नाही की शिवी दिली नाही. तो फक्त म्हणाला, "ह्यो आता कुनी खायाचा?" आणि बाकीच्यांनी आपापले गोळे हळूच मागं ओढले. गोळे मागं ओढल्याचा तो फडक्याचा आवाज उत्तरेश्वरनं मला नंतर कितीतरी वेळा सांगितला.

वैजनाथ शेठ वाईट माणूस नाही. त्यानं उत्तरेश्वरला काढलं नाही. त्याला आत वजनकाट्यावर बसवलं आणि आपला भाचा विरेश याला पाटावर आणलं. विरेश तिशीतला, सभ्य, नम्र, पण जीभ आपली बेताची. शेठ उत्तरेश्वरला म्हणाला, "गाल बरा करून ये. दसऱ्यापत्तूर वाट बगतो. दसऱ्यानंतर दिवाळीचा माल सुरू हुतो, तवा पाटावर कायमचा मानूस लागंल मला." म्हणजे सात महिने. उत्तरेश्वरला त्या पाटाशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही यावं असं त्याला कधी वाटलंही नव्हतं.

आता गावानं उपाय सुचवायला सुरुवात केली. या बाबतीत आमच्या गावाचा हात कुणी धरणार नाही. कुणी अंगातली उष्णता म्हणून गुलकंद सांगितला, कुणी शिरेवर शीर चढली म्हणालं. बहुतेकांनी तर मनातली भीती असंच ठरवून टाकलं. "गडी भ्यालाय. आपरेशनला भ्यालाय, त्यो भ्याव बसलाय गालात." दिवसातून चार माणसं "भिऊ नगंस" असं सांगून गेली की धडधाकट माणूससुद्धा भ्यायला लागतो. आणि मीही काही कमी नाही. मी त्याला घबराट कमी करायची गोळी दिली. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही, अप्पाचा शहाणपणा. महिनाभर तो काट्यावर पेंगत बसला आणि गाल तसाच वाहत राहिला. याची मला आजही लाज वाटते.

तो घरात जेवेनासा झाला. मथुरानं ताट वाढलं की ते उचलून गोठ्यात जायचा आणि भिंतीकडं तोंड करून चार घास कसेबसे पोटात ढकलायचा. तिला म्हणायचा, आत उकडतंय. थंडीतही उकडतंय. लग्नाची आमंत्रणं आली की तो आजारी पडायचा. पावण्यांनी चहा विचारला की "आत्ताच झाला" म्हणायचा. सदऱ्यात दोन उत्तरेश्वर मावतील इतका तो वाळला. मला एकदा म्हणाला, "अप्पा, जेवान म्हनलं की पळून जावंसं वाटतंय. मानसानं खायाचं न्हाय तर जगायचं कसं?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

मग एक दिवस तो दुकानात आला तो अर्धं तोंड पंचानं झाकून. पंचा बाजूला केला तर डावा गाल फोडांनी भरलेला, काळा पडलेला. त्यानं बिब्ब्याचं तेल लावलं होतं. तळपायाची भेग किंवा रुतलेला काटा जाळायला लोक बिब्बा लावतात, यानं ते गालाला चोपडलं होतं. "कातडीच जळाली म्हंजी घाम कुठनं यील?" हे तो अगदी शांतपणे म्हणाला. मी ओरडलो, शिव्या दिल्या, मग मलम काढून लावायला बसलो. गिऱ्हाइकं उभी होती, त्यांना मी परत पाठवलं. असा जळलेला गाल घेऊन हा माणूस दसऱ्याची वाट बघत होता.

त्याच दुपारी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांच्या नंबरवर मी फोन लावला. हे काम मी पौषातच करायला पाहिजे होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सोलापुरातल्याच डॉक्टर हर्षाली यांचं नाव दिलं. फोड बरे व्हायला तीन आठवडे गेले. आषाढात आम्ही दोघं गेलो.

हर्षालीबाई वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी कागदावर गालाचं चित्र काढून समजावलं. कानापुढं लाळेची ग्रंथी असते, तिच्याकडं जाणाऱ्या बारीक नसा गाठ काढताना तुटतात. त्या पुन्हा वाढतात, पण वाढताना वाट चुकतात आणि कातडीतल्या घामाच्या ग्रंथींना जाऊन मिळतात. मग खाताना तोंडाला पाणी सुटायच्या वेळी गालाला घाम सुटतो. या ऑपरेशननंतर कितीतरी जणांना हे होतं. उत्तरेश्वरनं विचारलं, "म्हंजी म्या भ्यालो न्हाय?" बाई म्हणाल्या, "नाही हो. यात भीतीचा काही संबंध नाही." त्यावर तो माणूस खुर्चीत बसल्या बसल्या रडला. सहा महिने तो आपल्याला भित्रा समजत होता.

उपाय इंजेक्शनचा होता. बारीक सुईनं कातडीतल्या कातडीत औषध सोडायचं, म्हणजे त्या ठिकाणच्या घामाच्या ग्रंथी गप्प बसतात. पण घाम नेमका जिथून येतो तिथंच टोचावं लागतं. उगाच भलतीकडं टोचलं तर हसताना तोंड वाकडं व्हायची भीती, आणि एखादा भाग सुटला तर तिथून घाम चालूच. तो भाग शोधायला त्यांच्याकडं एक कॅमेरा होता. हा कॅमेरा चेहरा बघत नाही, चेहऱ्यावरची उष्णता बघतो. ओली कातडी गार पडते, आणि गार भाग पडद्यावर निळा दिसतो. थंड केलेल्या खोलीत उत्तरेश्वरला वीस मिनिटं नुसतं बसवलं. तोंड धुवायला लावलं, गालाला हात लावायचा नाही अशी ताकीद दिली. मग पडद्यावर त्याचा चेहरा उमटला, लाल आणि पिवळा. मला तर तो ओळखूच आला नाही.

बाईंनी लिंबाची फोड त्याच्या हातात दिली. "ही खा," म्हणाल्या आणि पडद्याकडं वळल्या. मीही पडद्याकडंच बघत होतो. कानापुढं एक निळा ठिपका उमटला, रुपयाएवढा. तेवढाच. बाईंनी बराच वेळ वाट बघितली. ठिपका काही वाढला नाही. "फार पसरलेलं नाही, बरं झालं," असं म्हणून त्यांनी पेनानं खुणा केल्या आणि चार-पाच ठिकाणी टोचलं. औषध महाग होतं. त्याच्या पैशाचं मी इथं काढत नाही.

दहा दिवसांनी उत्तरेश्वर आपल्या पायानं पाटाकडं गेला. विरेशनं उठून जागा दिली. गोळ्यामागून गोळा, चिमूट, तळहात, जीभ. कानापुढचा भाग खरंच कोरडा राहिला. आणि त्याच्या खाली, जबड्याच्या कडेनं, वर कपाळाच्या कोपऱ्यातून घाम असा वाहिला की सदऱ्याची कॉलर भिजली. कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. शेठनं विरेशकडं बघून नुसती मान हलवली आणि उत्तरेश्वर उठला.

त्यानंतर तो काट्यावरही जाईना. दिवसभर गोठ्यात बसून राहायचा. शेळ्या बघतो म्हणायचा. चार शेळ्यांना किती बघणार? गावानं डॉक्टरला शिव्या घातल्या, मशीनला घातल्या, मीही मनातल्या मनात घातल्या. दसऱ्याला दीड महिना राहिला होता.

भाद्रपदाच्या आरंभी मी त्याला बळेच दुकानात आणून बसवलं. बोलायला काही नव्हतं म्हणून बरणीतली लिंबाची गोळी काढून त्याला दिली. त्यानं ती तोंडात टाकली. मी एका गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध दिलं, वळून बघितलं तर त्याचं तोंड रिकामं. गोळी इतक्यात विरघळणं शक्यच नव्हतं. मी विचारलं, "गोळी कुठाय?"

"तोंडात."

"तोंड उघड."

त्यानं उघडलं. गोळी नव्हती. मी त्याच्या मांडीवरचा पंचा झटकला, तर टोकाच्या घडीतून ती खाली पडली आणि फरशीवरून घरंगळत गेली. आम्ही दोघं तिच्याकडं बघत राहिलो.

"सोलापुरात," मी म्हणालो, "ती लिंबाची फोड तू खाल्लीस का?"

त्यानं वाकून गोळी उचलली. बावीस वर्षं परक्या माणसानं हातात दिलेलं त्यानं जिभेवर ठेवायचं आणि पंचात काढायचं, एवढंच केलं होतं. घरचा घास तो गिळायचा, पण परीक्षेचा जिन्नस हातात आला की हात आपोआप वर जायचा आणि खाली यायचा. बाई पडद्याकडं बघत होत्या, मी पडद्याकडं बघत होतो, आणि याचा हात आपलं काम करून मोकळा झाला होता. पाटावर गोळ्यामागून गोळा जिभेवर येत राहतो; इथं गार खोलीत एकाच फोडीचं क्षणभर आंबट लागलं, तेवढाच घाम आला, आणि तेवढाच भाग कॅमेऱ्यानं दाखवला. मी तोंडाला येईल ते बोललो. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "माज्याच हातानं झालं की ओ अप्पा. आनि म्या त्या बाईला नावं ठिवीत बसलो."

मी बाईंना फोन केला. वाटलं होतं रागावतील. त्या म्हणाल्या, "मी त्यांच्या तोंडाकडं बघायला पाहिजे होतं." मग म्हणाल्या, या वेळी लिंबू नको. रोजचं घरचं जेवण आणा, तिखट-आंबट, आणि पोटभर. ते सगळं माझ्यासमोर खायचं.

घरचं जेवण म्हणजे मथुरा आली. एसटीत ती डबा मांडीवर धरून बसली होती. तुळजापूर गेलं, तामलवाडी गेली, डबा काही तिनं खाली ठेवला नाही. नवरा शेजारीच बसला होता, तीन तास खिडकीबाहेर तोंड करून. मी मागच्या बाकावर होतो. पंचा मी सकाळीच त्याच्याकडून काढून घेऊन माझ्या पिशवीत कोंबला होता.

थंड खोलीत वीस मिनिटं झाली. मथुरानं डबा उघडला. ज्वारीची भाकरी, चुक्याची पातळ भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा. आंबट चुक्याचा वास खोलीभर झाला. उत्तरेश्वरनं डब्याकडं बघितलं आणि म्हणाला, "हिला भाईर बसवा."

"म्या न्हाय जायाची," मथुरा म्हणाली.

"जा म्हनतो न्हवं."

"आठ म्हैनं भाईरच बसलीया म्या," ती म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडून, चुक्यात बुडवून तिनं त्याच्या हातात दिला. तिच्यापुढं तो जास्त वेळ टिकणार नव्हता. त्यानं घास तोंडात घातला आणि चावायला लागला. बाई आता त्याच्या गळ्याकडं बघत होत्या. घास खाली गेल्याचं बघून त्या पडद्याकडं वळल्या.

आधी कानाच्या वर, कपाळाच्या कोपऱ्यात निळं उमटलं. मग ते गालभर उतरलं, जबड्याच्या कडेनं हनुवटीपर्यंत गेलं, कानाच्या मागून मानेवर आलं. अर्धा चेहरा लालबुंद आणि अर्धा चेहरा गार निळा. एवढं सगळं अंगावर घेऊन हा माणूस आठ महिने भिंतीकडं तोंड करून बसला होता आणि आम्ही त्याला गुलकंद सुचवत होतो. घाम टपटप डब्याच्या झाकणात पडायला लागला. पुसायची मनाई होती. त्याचा हात पंचा शोधत मांडीवर गेला, तिथं काही नव्हतं. त्यानं चावणं थांबवलं. डोळे मिटून बसून राहिला.

"थांबू नका," बाई म्हणाल्या.

मथुरा पडद्याकडं बघतच नव्हती. ती त्याच्या खऱ्या गालाकडं बघत होती. ती म्हणाली, "येवढंच व्हय?"

त्यानं डोळे उघडले.

"येवढंच हुतं?" ती म्हणाली. "म्या म्हनलं माज्या हातचं तुमाला गोड लागंना. लग्न झाल्यापासनं घासाला एक शबुद दिलाव तुमी, मीठ कमी, मीठ जास्त, आज झकास. आनि एकदम ताट उचलून गोठ्यात. म्या मीठ बदललं, तेल बदललं, म्हायेरनं मसाला आनला. शेजारनीला चाखाया दिलं, ती म्हनली चांगलं हाय. म्हनलं, हिच्या जिबंला काय कळतंय. रोज इचार केला, काय चुकतंय माजं, काय चुकतंय." बोलता बोलताच दुसरा घास तिनं मोडला आणि पुढं केला.

कॅमेऱ्याच्या वायरीत काहीतरी बिघडलंय आणि ते मलाच बघायला पाहिजे, असं दाखवून मी भिंतीकडं वळलो. दोन्ही भाकऱ्या संपेपर्यंत मी वळलो नाही. तो रडत खात होता की खाताना रडत होता, देव जाणे. चुक्याची भाजी संपली तेव्हा बाईंनी पेन घेतलं. मी मोजलं नाही, पण कपाळापासून मानेपर्यंत गाल खुणांनी भरून गेला. टोचायला अर्धा तास लागला. निघताना बाईंनी साफ सांगितलं, हे कायमचं नाही. आठ-दहा महिन्यांनी घाम हळूहळू परत येईल, तेव्हा पुन्हा यायचं, पुन्हा भाकरी खायची, पुन्हा टोचायचं.

आठव्या दिवशी गाल कोरडा झाला. पूर्ण कोरडा. त्यानं माझ्यापुढं कच्ची चिंच खाऊन दाखवली. गिळून, तोंड उघडून दाखवलं. मी गल्लीभर ओरडत सुटलो. आता तो स्वयंपाकघरात, चुलीपुढं बसून जेवत होता.

दसऱ्याच्या चार दिवस आधी तो गाळ्यावर गेला. धुतलेला सदरा, नवा पंचा. मी दुकान बंद करून गेलो होतो, असली गोष्ट चुकवणारा मी नाही. शेठ मनापासून खूश झाला. "या, या," म्हणाला. विरेशनं उठून पाट पुसला आणि बाजूला बसला. पहिला गोळा धनाजीचाच होता. उत्तरेश्वरनं बोट घातलं, चिमूट काढली, तळहातावर घासली, हुंगली, जिभेवर ठेवली. हात खाली आला. गाल कोरडा. माझा जीव भांड्यात पडला.

"धुरकट," तो म्हणाला.

धनाजीनं मान खाली घातली नाही. त्यानं शेठकडं बघितलं. शेठनं विरेशकडं बघितलं आणि अगदी सहज, काही मनात न ठेवता म्हणाला, "विरेश, तू बी बग की जरा."

विरेश अवघडला. पण मामा म्हणाला म्हणून त्यानं चिमूट तोंडात टाकली, चावली, गिळली. "व्हय," म्हणाला, "धुरकटच हाय. काका म्हनत्यात ते बरोबर हाय." तेव्हा कुठं धनाजीनं गोळा फडक्यात बांधला.

दुसऱ्या गोळ्यालाही तसंच झालं. तिसऱ्यालाही. चौथ्यापासून शेठला सांगावंही लागलं नाही. उत्तरेश्वर बोलला की सगळ्या माना आपोआप विरेशकडं वळायच्या, आणि विरेश एक चिमूट गिळून हो म्हणायचा. एकदाही त्यानं नाही म्हटलं नाही. उत्तरेश्वर एकदाही चुकला नव्हता. सदतीस गोळे झाले. तो शेवटपर्यंत बसला, हात धुतले, तेव्हा शेठ म्हणाला, "उद्यापासनं दोगं बी बसत जावा. चांगलं जमलंय."

माझ्या दुकानात येऊन तो बाकावर बसला. मी एवढा आनंदात होतो की मला काही कळलंच नव्हतं. चहा मागवला आणि म्हणालो, "लेका, एक थेंब न्हाय! बसलास की न्हाय पाटावर?"

"बसलो," तो म्हणाला.

"मग तोंड असं का?"

त्यानं डावा गाल हातानं चाचपला, आहे की नाही बघितल्यासारखा. "अप्पा," तो म्हणाला, "आज घाम आला असता तर बरं झालं असतं. घामामुळं शबुद गेला, असं म्हनता तरी आलं असतं. आता घाम बी न्हाय. आता काय म्हनू?"

घबराटीची गोळी द्यायला मला केवढं चटकन सुचलं होतं. चहा आला, त्यावर साय धरली. चहा तसाच ठेवून तो उठला. मथुरा जेवायची थांबलीय, म्हणाला.